उपकरणदान आणि स्वावलंबन : एका सेवापरंपरेचा मागोवा



आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी विश्वस्त मंडळाने आज्ञा केली, तेव्हा सर्वप्रथम मनात आले ते भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाचे वर्ष. १९७४-७५ च्या त्या पर्वाने जैन समाजाला बरेच काही दिले. चारही संप्रदायांनी मान्य केलेले जैन प्रतीक त्याच काळात पुढे आले. आचार्य विनोबांच्या प्रेरणेने जिनेंद्र वर्णीजींनी संकलित केलेला ‘समणसुत्तं’ हा सर्वमान्य ग्रंथही त्याच काळात सिद्ध झाला. देशभर ठिकठिकाणी लहानमोठे ट्रस्ट, औषधालये, वसतिगृहे आणि पांजरपोळ उभे राहिले. त्याच वर्षी, मार्च १९७५ मध्ये, राजस्थानातील जयपूर नगरीत एका संस्थेची स्थापना झाली. तिचे नाव ‘भगवान महावीर विकलांग सहायता समिती’. ‘जयपूर फूट’ हा शब्द घराघरांत पोहोचवणारी संस्था ती हीच.

आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी अशा एखाद्या उपक्रमाला हातभार लावलेला आहे. आईवडिलांच्या पुण्यतिथीस एक कृत्रिम पाय, तपश्चर्येच्या पारण्यानिमित्त एक व्हीलचेअर, असे दान आपल्या समाजात आता रूढ झाले आहे आणि ते स्तुत्यच आहे. परंतु वस्तू दिली म्हणजे साहाय्य पूर्ण झाले काय, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. मी स्वतः तो अनेक वर्षे विचारला नव्हता. म्हणून या सेवापरंपरेचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा, आणि त्यातून आपल्या ट्रस्टने पुढील वाटचालीसाठी काय घ्यावे याचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

जयपूरची देणगी

जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी काम करीत होते. पाय कापावा लागलेले रुग्ण त्यांच्याकडे येत. त्यांना त्या काळी मिळणारा पाश्चात्य पद्धतीचा कृत्रिम पाय ताठ असे आणि त्यावर बूट घालणे आवश्यक असे. खुर्चीवर बसणाऱ्या, फरसबंदीवर चालणाऱ्या माणसासाठी तो ठीक होता. पण आपला शेतकरी अनवाणी चालतो, पाण्याने भरलेल्या भातखाचरात उतरतो, उकिडवा बसतो, मांडी घालून जेवतो आणि देवळात जाताना पादत्राणे बाहेर काढतो. त्याच्या दृष्टीने तो पाय निरुपयोगी होता. परिणामी अनेक जण तो पाय घरी नेऊन ठेवून देत आणि पुन्हा कुबड्या घेत.

या अडचणीवर उपाय सापडला तो रामचंद्र शर्मा या कुशल कारागिराच्या हातांना. सारे त्यांना ‘मास्टरजी’ म्हणत. त्यांचे शालेय शिक्षण अल्प होते, पण हातात विलक्षण कसब होते. डॉ. सेठी आणि मास्टरजी यांनी मिळून १९६८-६९ च्या सुमारास रबर, लाकूड आणि नायलॉनचे दोर यांचा उपयोग करून एक नवा पाय घडवला. तो दिसायला खऱ्या पावलासारखा, सर्व बाजूंना लवचिक, पाण्याने न बिघडणारा आणि बुटाविना वापरता येणारा होता. त्याचे एकस्व, म्हणजे पेटंट, घेण्यात आले नाही. ज्याला हवा त्याने तो बनवावा, अशी ती मोकळीक होती. १९८१ मध्ये डॉ. सेठी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार लाभला. मास्टरजींचे नाव मात्र त्या मानाने मागेच राहिले, हे खेदाने नमूद करावे लागते.

पाय तयार झाला, तरी तो गरजूंपर्यंत पोहोचण्यास आणखी काही वर्षे गेली. १९६९ मध्ये श्री. देवेंद्रराज मेहता या तरुण प्रशासकीय अधिकाऱ्याला भीषण मोटार अपघात झाला आणि पाय गमावण्याची वेळ येऊन ठेपली. दीर्घ उपचारानंतर पाय वाचला. ज्यांचा वाचत नाही आणि ज्यांच्यापाशी पैसाही नाही, त्यांचे काय, हा विचार मात्र त्यांच्या मनातून गेला नाही. त्यातून समितीची स्थापना झाली. पुढे हेच मेहता १९९५ ते २००२ या काळात ‘सेबी’चे अध्यक्ष होते आणि २००८ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. समितीच्या सांगण्याप्रमाणे आजवर २० लाखांहून अधिक लोकांना कृत्रिम अवयव, कॅलिपर, कुबड्या, तीनचाकी सायकली वा श्रवणयंत्रे विनामूल्य देण्यात आली आहेत.

या आकड्याचा अभिमान वाटावा हे योग्यच. परंतु समितीच्या कार्यपद्धतीतील एक गोष्ट आपल्या लक्षात यावी. तेथे येणाऱ्या रुग्णाची आणि त्याच्या सोबत्याची राहण्याजेवणाची सोय केली जाते. माप घेणे, साचा काढणे, पाय जोडणे आणि चालवून पाहणे हे सर्व तेथेच होते. स्वतःच्या पायांवर चालत बाहेर पडणे, हा तेथील सेवेचा शेवटचा टप्पा मानला जातो. म्हणजे पाय हाती देणे आणि पायावर उभे करणे या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या मानल्या नाहीत.

कृत्रिम पाय मिळणे आणि तो आपला होणे यांतील अंतर किती असते, याचे सर्वज्ञात उदाहरण म्हणजे मुंबईच्या नृत्यांगना सुधा चंद्रन. १९८१ मधील अपघातानंतर त्यांचा पाय कापावा लागला. जयपूर फूट मिळाल्यानंतर त्यांना आधी उभे राहणे, मग चालणे आणि मग नृत्याचा एकेक पदन्यास नव्याने शिकावा लागला. १९८४ मध्ये त्या मुंबईच्या रंगमंचावर पुन्हा उभ्या राहिल्या. प्रेक्षकांनी पाहिला तो एका संध्याकाळचा कार्यक्रम, पण त्यामागे वेदनेची आणि सरावाची दीर्घ तपश्चर्या होती.

सर्वसामान्य माणसाला नृत्य करावयाचे नसते, पण त्याला शिकावे लागतेच. कापलेल्या पायाच्या उरलेल्या भागाला पट्टी कशी बांधावी, मोजा कसा चढवावा, पहिल्या दिवसांत पाय किती वेळ घालावा, काढल्यावर कातडीवर लाली उरली आहे काय हे कसे पाहावे, हे सर्व कोणीतरी दाखवावे लागते. पायऱ्या चढताना आधी चांगला पाय टाकावा आणि उतरताना आधी कृत्रिम पाय टाकावा, ही गोष्ट ऐकण्यास किती साधी! पण ती न सांगितल्यामुळे माणूस पहिल्याच आठवड्यात पडतो. एकदा पडला की त्याच्या मनात भीती बसते, आणि मग तो पाय कपाटात जाऊन बसतो.

महायुद्धातून मिळालेला धडा

उपकरणाबरोबर शिक्षण द्यावे लागते, हे जगाने शिकले ते मुख्यतः दुसऱ्या महायुद्धात. तोपर्यंत पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखालचे शरीर लुळे पडलेला सैनिक फार दिवस जगत नसे. शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग त्याचा बळी घेत. हिटलरच्या छळामुळे जर्मनी सोडून इंग्लंडात आलेले डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात अशा सैनिकांसाठी स्वतंत्र विभाग उघडला. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलण्याचा दंडक त्यांनी घातला. शिवाय रुग्णाने अंथरुणावरून खुर्चीवर स्वतः सरकावे, स्वतःचे काम स्वतः करावे आणि खेळावेही, असा त्यांचा आग्रह होता. २९ जुलै १९४८ रोजी त्यांनी चाकाच्या खुर्चीवरील १६ खेळाडूंची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. आजच्या पॅरालिंपिकचे मूळ त्यातच आहे.

त्याच युद्धकाळात अमेरिकेतील व्हॅली फोर्ज येथील लष्करी रुग्णालयात रिचर्ड हूवर यांनी दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी लांब काठीने चालण्याची पद्धत बसवली. अंध माणूस काठी तर पूर्वापार वापरीतच होता. हूवर यांनी काठीची लांबी वाढवली आणि ती वापरण्याची रीत घालून दिली. उजवे पाऊल पुढे पडत असताना काठीचे टोक डावीकडे टेकवावयाचे, डावे पडताना उजवीकडे. म्हणजे पुढचे पाऊल जेथे पडणार, ती जागा काठी आधीच तपासून ठेवते. काठीची किंमत नगण्य, पण ही रीत अंगवळणी पडण्यास अनेक दिवसांचा सराव लागतो. तो झाला की माणूस दुसऱ्याच्या खांद्यावरचा हात काढून घेऊन एकटा रस्त्याला लागतो.

आपल्या महाराष्ट्रातही या परंपरेची मुळे जुनी आहेत. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या भारतीय सैनिकांना हातांस काम शिकवण्यासाठी १९१७ मध्ये सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था पुण्याजवळ खडकी येथे नांदली. त्याच खडकीत १९७४ पासून कमरेखाली लुळे पडलेल्या जवानांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर चालते. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे श्री. मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले आणि १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी भारताला पॅरालिंपिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये, म्हणजे तब्बल ४६ वर्षांनी.

नागरी क्षेत्रात मुंबईच्या हाजी अली येथे १९५५ मध्ये अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. येथून अनेकांनी कृत्रिम अवयव आणि कॅलिपर वापरण्याचे पाठ घेतले. अंधांसाठी १९५१ मध्ये सर्व भारतीय भाषांना समान अशी भारती ब्रेल लिपी निश्चित झाली आणि १९५२ मध्ये नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था मुंबईत उभी राहिली. पुढे १९७२ मध्ये कानपूर येथे भारतीय कृत्रिम अंग निर्माण निगम हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९८१ मध्ये उपकरणांसाठी अर्थसाहाय्य देणारी केंद्र सरकारची योजना आली. याच वर्षी, १ मे १९८१ रोजी, आपला सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा झाला. १९९५ मध्ये अपंगांसाठी पहिला समग्र कायदा झाला. त्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या नव्या कायद्यात ते २१ झाले. शब्दही बदलत गेले. विकलांग, अपंग, आणि आता शासकीय व्यवहारात दिव्यांग. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख आणि एकट्या महाराष्ट्रात ३० लाखांच्या आसपास दिव्यांगांची नोंद झाली होती.

योजना आल्या, कारखाने आले, उपकरणे आली. शिकवणारी माणसे मात्र शहरांतच राहिली. तालुक्याच्या गावी उपकरण पोहोचले, पण शिक्षक पोहोचला नाही.

घाटापलीकडून आलेला दीप

या अंधारात आपल्या सिंधुदुर्गाला जवळचे असे एक उज्ज्वल उदाहरण आहे, आणि त्याचा आरंभ घाटमाथ्यावर कोल्हापुरात झाला. नसीमा हुरजूक या मुलीला ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखाली पक्षाघात झाला. पाठीवर हात फिरवणारे पुष्कळ होते, पण पुढे जगावे कसे हे कोणी सांगू शकत नव्हते. अशा वेळी त्यांची गाठ पडली बाबूकाका दिवाण यांच्याशी. बाबूकाका स्वतः त्याच व्याधीने चाकाच्या खुर्चीवर होते, आणि तरीही ते स्वतंत्रपणे जगत होते. डॉक्टरांच्या शब्दांनी जे झाले नव्हते ते या एका माणसाच्या दर्शनाने झाले. नसीमादीदींनी पुढे केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली आणि १९८४ मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था सहकाऱ्यांसह उभी केली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मकथन मराठी वाचकांना परिचित आहेच.

या संस्थेने मुलांना खुर्च्या आणि कॅलिपर तर दिलेच, पण त्यांना वसतिगृहात ठेवून घेऊन अंघोळ, कपडे, शौच, अभ्यास या सर्व गोष्टी स्वतः करण्याची सवय लावली. पुढे याच संस्थेने आपल्या कुडाळ तालुक्यातील मोरे या गावी ‘स्वप्ननगरी’ हा प्रकल्प उभारला आणि तेथे चाकाच्या खुर्चीवरील माणसांनी काजूप्रक्रियेचे काम हाती घेतले. काजू हे आपल्या जिल्ह्याचे पीक. घरोघरी काजू फोडणारे हात आपण पाहतो. तेच काम बसून करता येते, फक्त टेबलाची उंची खुर्चीस जुळावी लागते आणि दारास उंबरठा नसावा लागतो. इतक्या साध्या फेरफाराने जो माणूस घरावर भार मानला जात होता, तो मिळवता होतो.

बाबूकाकांच्या उदाहरणातून मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. उपकरण वापरण्यास शिकवणारा सर्वोत्तम गुरू म्हणजे ते उपकरण स्वतः वापरणारा माणूस. खुर्चीवर बसणाऱ्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर भार देऊन शरीर क्षणभर उचलावे, म्हणजे बैठकीवर व्रण पडत नाही, हे परिचारिकाही सांगते. पण जो स्वतः तसे करीत वीस वर्षे जगला आहे, त्याने सांगितले की ते पटते.

डोळसांच्या जगात अंधांचे पाऊल

गेल्या काही दशकांत संगणक आणि भ्रमणध्वनीमुळे या क्षेत्राचे रूपच पालटले आहे. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली बसवली की अंध व्यक्ती संगणक चालवू शकते. पूर्वी अशी प्रणाली फार महाग होती. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी, मायकेल करन आणि जेम्स टेह यांनी, ‘एनव्हीडीए’ ही प्रणाली विकसित करण्यास आरंभ केला आणि ती सर्वांना विनामूल्य खुली ठेवली. जयपूर फुटाचे पेटंट न घेणाऱ्यांची येथे आठवण होते. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिबाधितांसाठी स्वतंत्र साधनकेंद्र आहे. आज साध्या अँड्रॉइड फोनमध्येही ‘टॉकबॅक’ ही बोलकी सोय असतेच. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी ‘मनी’ हे ॲप आणले. फोनचा कॅमेरा नोटेवर धरला की ती किती रुपयांची हे ते सांगते. आम्हां व्यापाऱ्यांना याचे महत्त्व अधिक कळते, कारण अंध गिऱ्हाइकास सुट्ट्या पैशांसाठी दुकानदाराच्या सचोटीवर विसंबावे लागू नये, यातच त्याचा मान आहे.

पण येथेही गोष्ट तीच. बोलका फोन चालवण्याची रीत डोळस माणसाच्या रीतीहून वेगळी असते. एका बोटाने चाचपून ऐकावयाचे आणि दोनदा टिचकी मारून निवडावयाचे. घरातील कोणालाही ते ठाऊक नसते. त्यामुळे फोन बिघडला असे समजून ती सोय बंद करून टाकली जाते. श्रवणयंत्राचेही तसेच. ते कानात घातल्याबरोबर भांड्यांचा आवाज, पंख्याची घरघर, सारे एकदम कानांवर आदळते आणि म्हातारा माणूस ते काढून ठेवतो. आरंभी शांत खोलीत, थोडा वेळ, एका माणसाशी बोलताना वापरावे आणि मग हळूहळू वेळ वाढवावा, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आपल्या दमट किनाऱ्यावर तर ते रात्री ओलावा शोषणाऱ्या पुडीबरोबर घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावे लागते. नाहीतर एका पावसाळ्यातच ते निकामी होते.

आमची चूक

आता एक गोष्ट प्रांजळपणे सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्या ट्रस्टतर्फे तीनचाकी सायकलींचे वाटप झाले. त्याची व्यवस्था माझ्याकडे होती. हार, फोटो, भाषणे, अल्पोपाहार सर्व यथासांग पार पडले. वाणिज्य शाखेच्या शिस्तीप्रमाणे मी नोंदवहीत नाव, गाव, सही, सारे रकाने भरले आणि शेवटी ‘वाटप पूर्ण’ असा शेरा मारला.

पुढे दीड-दोन वर्षांनी दुकानाच्या वसुलीसाठी मी किनाऱ्यालगतच्या एका वाडीत गेलो होतो. तेथील एका घराच्या पडवीत आपली सायकल दिसली. तिच्यावर सुक्या झावळ्या रचलेल्या होत्या. चाकांत हवा नव्हती. मागच्या पत्र्यावरील ट्रस्टचे आणि देणगीदाराचे नाव मात्र नव्यासारखे लखलखीत होते. घरचा तरुण मालक माडावरून पडून लुळा झालेला. मी विचारले, सायकल वापरीत नाहीस काय? तो संकोचाने म्हणाला, “शेट, गाडी बरी आसा. पण ती पुळणीत चलना नाय. आणि हातरुणावरसून तिच्यार बसाचा कसा, ता आमका कोणीच दाखवल्यान नाय.”

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते अधिक लागले. घरापासून रस्त्यापर्यंत साठ-सत्तर पावलांची वाळूची वाट, दाराशी जांभ्याच्या तीन पायऱ्या, आणि खाटेची उंची सायकलच्या बैठकीपेक्षा कितीतरी कमी. यांतले काहीही आम्ही आधी जाऊन पाहिले नव्हते. आयुष्यभर कापड विकलेल्या मला हे कळावयास हवे होते. तागा फाडून दिला म्हणजे गिऱ्हाइकाच्या अंगावर कपडा चढत नाही. मधे माप घेणारा, बेतणारा आणि एकदा घालून पाहा म्हणणारा शिंपी लागतो. आम्ही कापड वाटले होते, शिंपी दिला नव्हता.

नंतर ओळखीतून शेजारच्या तालुक्यातील एका गृहस्थांना विनंती केली. ते स्वतः अनेक वर्षे चाकाच्या खुर्चीवर आहेत. ते तीन वेळा त्या घरी आले. खाटेखाली चिरे लावून तिची उंची वाढवली. गुळगुळीत फळीवरून घसरत बैठकीवर कसे जावयाचे ते त्यांनी स्वतः करून दाखवले. पायऱ्यांवर लाकडी उतार बसवला. वाडीतल्या मुलांनी वाटेवर जांभ्याचे चिरे अंथरले. महिनाभरात तो तरुण सायकलवरून रस्त्यापर्यंत येऊ लागला आणि पुढे बाजारातही दिसू लागला. जाळी विणण्याचे काम तो घरी करीत होताच. आता जाळी घेण्यादेण्यासाठी त्याला कोणाची वाट पाहावी लागत नाही. सर्व प्रश्न सुटले असे मात्र म्हणता येणार नाही. पावसाळ्यात चिऱ्यांवर शेवाळ धरते आणि ती वाट आजही चार महिने त्याच्यासाठी बंद असते. पण उरलेले आठ महिने त्याचे स्वतःचे आहेत.

त्या तीन भेटींचा खर्च सायकलच्या किमतीच्या मानाने किरकोळ होता. तो आम्ही आधी केला नाही, एवढेच.

दानाचा विचार

आपल्या शास्त्रांनी दानाचा विचार फार सूक्ष्मपणे केला आहे. दिगंबर परंपरेत आहारदान, औषधदान, शास्त्रदान म्हणजे ज्ञानदान, आणि अभयदान अशी चार दाने सांगितली जातात. श्वेतांबर परंपरेत अभयदान, सुपात्रदान, अनुकंपादान, उचितदान आणि कीर्तिदान असे पाच प्रकार मानतात. कृत्रिम पाय वा खुर्ची देणे हे अनुकंपेतून घडलेले औषधदान म्हणता येईल. ते वापरण्याचे शिक्षण देणे हे ज्ञानदान. आणि ‘मी पडणार नाही, मी कोणावर भार होणार नाही’ असा विश्वास त्या जीवाला देणे, हे माझ्या अल्पमतीप्रमाणे अभयदानच होय. पहिले दान देऊन आपण थांबलो आणि पत्र्यावर नाव रंगवले, तर ते पाचव्या प्रकारात, म्हणजे कीर्तिदानात, केव्हा जमा झाले ते आपल्यालाही कळत नाही. जैन प्रतीकाखाली जीवांनी परस्परांना उपकारक व्हावे असा बोध अंकित आहे. त्यातला ‘परस्पर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जो आज शिकतो, तोच उद्या दुसऱ्याला शिकवू शकतो.

सुवर्णमहोत्सवी वर्षात उपकरणवाटपाचा मोठा कार्यक्रम व्हावा, असा बहुतेकांचा मानस आहे. माझी विश्वस्तांना आणि सकल संघाला नम्र विनंती अशी की, संख्या निम्मी केली तरी चालेल, पण प्रत्येक उपकरणाबरोबर चार गोष्टी द्याव्यात.

पहिली, देण्यापूर्वी घराची पाहणी. पायऱ्या किती, वाट कशी, न्हाणीघर कोठे, हे पाहून मगच उपकरण ठरवावे. दुसरी, ते उपकरण स्वतः वापरणाऱ्या व्यक्तीकडून घरी जाऊन शिक्षण, आणि त्या शिक्षकाला योग्य मानधन. आपल्या जिल्ह्यात अशी माणसे आहेत. त्यांना केवळ लाभार्थी न समजता गुरुस्थानी बसवावे. तिसरी, दुरुस्ती. कुबडीच्या टोकाचे रबर जांभ्याच्या वाटांवर लवकर झिजते आणि मग माणूस घसरतो. ते रबर अगदी स्वल्प किमतीचे असते, पण गावात मिळत नाही. अशा सुट्या वस्तूंचा छोटा साठा मंदिराच्या कार्यालयात ठेवण्यास काय हरकत आहे? खाऱ्या वाऱ्याने गंजणाऱ्या चाकांना वर्षातून दोनदा तेलपाणी करणारा एक कारागीरही ठरवता येईल. चौथी, सहा महिन्यांनी पुन्हा भेट.

नोंदवहीत ‘वाटप’ या रकान्यापुढे ‘वापरात आहे काय’ असा एक रकाना मी आता आखून घेतला आहे. हिशेब लिहिणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे की, ताळेबंदात दाखवलेली मालमत्ता जागेवर जाऊन मोजल्याशिवाय ती खरी धरता येत नाही. मागील वाटपांतील जी नावे माझ्या वहीत आहेत, त्या सर्व घरी या वर्षी जाऊन तो रकाना भरण्याचा माझा संकल्प आहे. अनेक ठिकाणी ‘नाही’ असेच लिहावे लागेल, याची मला कल्पना आहे. तरुण मंडळींपैकी ज्यांना सोबत येणे शक्य असेल, त्यांनी दुकानावर येऊन नाव द्यावे. मोटारसायकल चालवू शकणाऱ्यांची विशेष गरज आहे, कारण बऱ्याच वाड्यांपर्यंत मोठी गाडी जात नाही.

पन्नास वर्षांपूर्वी आपल्या वडीलधाऱ्यांनी अल्प साधनांत हा ट्रस्ट उभा केला. त्यांच्या पुण्याईने आज आपल्यापाशी देण्याजोगे पुष्कळ आहे. ते पोहोचते करण्याची जबाबदारी आपली. लेखात काही न्यून वा अधिक झाले असल्यास, कोणाचे मन दुखावले असल्यास, मन-वचन-कायेने मिच्छा मि दुक्कडम्.